पुडीवाले सर

म्हात्रे सर शेंगदाणे खात नसत, पण रोज विकत घेत. पनवेलच्या एसटी स्टँडवर एक पुडी घ्यायची, दाणे शेजारी बसलेल्याच्या हातावर ओतायचे, मग पुडी उलगडून दोन्ही बाजूंनी बघायची आणि बारीक बारीक फाडून खिशात टाकायची. शेजारी कोण बसलंय, याच्याशी त्यांना काही कर्तव्य नसे. स्टँडवर सगळे त्यांना 'पुडीवाले सर' म्हणत. म्हात्रे हे काही त्यांचं खरं नाव नाही. खरं छापलं तर सर हे पानसुद्धा फाडतील.

नव्वदच्या सुमाराला मी तिथल्या कॉलेजात अर्थशास्त्राचा लेक्चरर म्हणून नवाच लागलो होतो. सर संख्याशास्त्र शिकवत. त्यांचं पालुपद एकच: "कुणाच्या हातात पडला तर?" हजेरीपट असो की गुणांची यादी, ते छातीशी धरूनच चालत. टीपकागद घरी नेत, कारण त्यावर अक्षरं उमटतात. त्यांच्या कपाटाची किल्ली दुसऱ्या कपाटात असे आणि त्या कपाटाची सरांच्या करगोट्याला. ती काढायची झाली की सर भिंतीकडे तोंड करून उभे राहत. आम्ही सगळे मग खिडकीबाहेर बघायचो.

नवीन माणसाला हौस फार. मी मुलांची पाहणी हाती घेतली. घरची परिस्थिती, शिकण्यातल्या अडचणी, असा एकपानी सायक्लोस्टाइल केलेला फॉर्म, आणि खाली ठळक अक्षरात 'माहिती गुप्त राहील'. बेचाळीस मुलांनी विश्वासाने भरून दिला. शिरढोणच्या सुनंदाने लिहिलं होतं, 'घरच्यांनी लग्न ठरवलंय. मला करायचं नाही. परीक्षा झाली की सांगणार आहे. आत्ता कळलं तर माझं कॉलेज बंद होईल.'

ते वाचून मी घाबरलोच. सरांना विचारलं, हे ठेवू कुठे?

"वर्तमानपत्रात गुंडाळा. वर काही लिहू नका. कुणाचं लक्ष जायला नको."

मी गुंडाळलं. ते इतकं बेमालूम जमलं, की पंधरा दिवसांनी मीच तो गठ्ठा रद्दीत देऊन टाकला.

दुसऱ्या दिवशी दुपारी लक्षात आलं, तसा मी धावत जाऊन सरांना सांगितलं. सुनंदाचे सख्खे काका एसटी स्टँडवर कंट्रोलर होते. सर आता मला फाडून खाणार, असं वाटलं. पण ते "गुंडाळायला मीच सांगितलं ना," एवढंच म्हणाले आणि तास सोडून माझ्याबरोबर रद्दीवाल्याकडे निघाले. त्या दिवशी त्यांचं कपाट उघडं राहिलं.

रद्दीवाले इस्माईलभाई आरामात म्हणाले, "वो गठ्ठा? सकाळीच चणेवाला घेऊन गेला, सर. एका बाजूने कोरा कागद, पुडीला एकदम मस्त."

चणेवाल्याने पुड्या वळून डब्यात रचून ठेवल्या होत्या. आम्ही डबाच मागून घेतला आणि स्टँडच्या बाकावर बसून एकेक पुडी उलगडायला लागलो.

"वाचायचं नाय," सर म्हणाले. घाबरले की त्यांच्या तोंडात उरणकडची बोली येई. "नाव बघायचं न घडी घालायची."

एक्केचाळीस फॉर्म मिळाले. सुनंदाचा नव्हता.

"एकच पुडी खपली," चणेवाला म्हणाला. "आताच कंट्रोलरसाहेब घेऊन गेले."

काका केबिनच्या खिडकीत बसून दाणे खात होते. पुडी हातातच होती. अजून चार दाणे, आणि ते चाळा म्हणून ती उलगडणार. मी काय सबब सांगावी ते जुळवत बसलो. सर मात्र तडक खिडकीशी गेले आणि त्यांनी नुसता हात पुढे केला.

काका हसले. "आज सरांना पुड्या कमी पडल्या वाटतं." त्यांनी उरलेले दाणे तळहातावर ओतून घेतले आणि पुडी सरांच्या हातावर ठेवली. इतकी वर्षं सरांच्या पुड्यांना हसले होते, म्हणून त्यांना काही वेगळं वाटलं नाही.

सुनंदाने परीक्षा दिली आणि मगच घरी तोंड उघडलं. पण त्या दुपारी हे काही माहीत नव्हतं. सर बाकावर येऊन बसले, तेव्हा त्यांचा शर्ट घामाने भिजला होता. मला राहवलं नाही. विचारलं, "सर, हे पुड्यांचं कधीपासून?"

सरांनी ती पुडी उलगडली, नाव बघितलं आणि घडी घातली.

"शाळेत फी माफ व्हावी म्हणून नादारीचा अर्ज केला होता. त्यात लिहिलेलं, आई आम्हाला वाढते, जेवली म्हणून सांगते, पण जेवत नाय. पुढच्या वर्षी आई इथल्या बाजारात भाजी घेऊन बसली होती. बाजूच्या दुकानदाराने पुडीवरचं तेच मोठ्याने वाचून दाखवलं. नाव फाटलं होतं. लोक हसले."

"आणि आई?"

"तिला वाचता येत नाय. कुणाचं हाय ते कळलं नाय. सगळे हसले, म्हणून तीपण हसली." सरांनी घडी माझ्या हातात दिली. "मी बाजूलाच उभा होतो. अजून सांगितलं नाय तिला."