हुरड्यातला वाघ

माणसानं किरकोळ रजा टाकली की गुमान चहा प्यावा आणि पांघरूण ओढून पडून राहावं. आमच्या आदिनाथरावांनी शनिवारी रजा टाकली आणि वाघ व्हायचं ठरवलं.

आदिनाथराव म्हणजे हायस्कुलातले क्लार्क. दाखल्यावर शिक्कासुद्धा असा अलगद टेकवतात, की जणू कागदाला लागेल. गाव पोखर्णीच्या अलीकडं, रस्त्याला लागून रान, आणि रानात एक एकर हुरड्याची ज्वारी. यंदा ती अशी पोसली होती की जाणारा-येणारा गाडी थांबवून बघायचा. बघणाऱ्यांत वानरंही होती, तिथंच सगळं बिघडलं. पंधरा-वीस वानरं आणि त्यांचा म्होरक्या एक थोराड हुप्प्या, रोज सकाळी आठच्या ठोक्याला हजर. (एवढी नियमित हजेरी हायस्कुलात कुणाचीच नाही. मस्टर आदिनाथरावांकडंच असतं, म्हणून खात्रीनं सांगतो.)

त्यात रविवारी बायकोच्या, साधनाबाईंच्या, माहेरची माणसं सेलूहून हुरड्याला येणार होती. मेहुणे रामकिशनराव मागच्या वर्षी भर पंगतीत म्हणाले होते, "दाजी, तुमच्या रानात खरंच काही पिकतंय, का नुस्तं तुमीच सांगायलाव?" सगळी पंगत हसली होती. साधनाबाई पण हसल्या होत्या, हे जास्त लागलं. तेव्हा काहीही करून रविवारपर्यंत कणसं टिकवायची, हा आदिनाथरावांच्या अब्रूचा सवाल होता.

डबे बडवून झाले. बुजगावणं उभं केलं, तर दुसऱ्या दिवशी त्याचा शर्ट हुप्प्याच्या खांद्यावर. (शर्ट आदिनाथरावांचाच. हुप्प्याला जास्त शोभत होता.) मग शुक्रवारी मोबाईलवर एक व्हिडिओ दिसला: वानर जगात फक्त वाघाला भितं. आदिनाथराव ताडकन उठले आणि कपाटाकडं गेले.

"काय उचकायलाव तिथं?" चुलीपासून साधनाबाई.

"काही न्हाई, रजई बघायलो. थंडी लय पडायली."

रजई कसली! कपाटात वरच्या फळीवर वाघाचं ब्लँकेट होतं. साधनाबाईंना लग्नात रामकिशनरावांनी दिलेलं. मखमली, पिवळंधमक, काळे पट्टे, आणि मधोमध डोळे वटारून बसलेल्या वाघाचं परातीएवढं तोंड. चौदा वर्षं ते प्लॅस्टिकच्या पिशवीतून बाहेर आलं नव्हतं. पाव्हण्यांना सुद्धा ते नुसतं दाखवायचं असायचं, पांघरायचं नाही.

शनिवारी सकाळी रान धुक्यात बुडालं होतं. आदिनाथरावांनी ब्लँकेट डोक्यावरून घेतलं, गळ्याशी आणि पोटाशी सुतळीनं गच्च आवळलं आणि ज्वारीत शिरून चारी पायांवर आले. वाघाचं तोंड नेमकं पाठीवर गेलं होतं, आभाळाकडं बघत. पण ते त्यांना कसं दिसणार?

आठ वाजले. वानरं उतरली. आदिनाथरावांनी डरकाळीसाठी मोबाईलचं बटण दाबलं. आधी जाहिरात लागली. "शेतकरी बंधूंनो, भरघोस उत्पादनासाठी..." हुप्प्यानं कणीस सोलता सोलता मान वळवली. जाहिरात संपली आणि मग जी डरकाळी फुटली, अहाहा! त्याच क्षणी आदिनाथरावांनी ज्वारीतून झेप घेतली. वानरांची अशी पांगापांग झाली म्हणता! कुणी कणीस टाकलं, कुणी पोर उचललं. खुद्द हुप्प्या खाकरत, दात विचकत बांधावरच्या कडुलिंबाच्या शेंड्याला.

आदिनाथरावांच्या अंगात वीज खेळली. चौदा वर्षांच्या नोकरीत त्यांना कुणी भ्यालं नव्हतं. खरं तर इथं थांबायला पाहिजे होतं. पण जिंकलेला क्लार्क थांबतोय होय! "अजून एक चक्कर मारू," म्हणून ते गुडघ्यांवर दुडूदुडू पळत ज्वारीच्या पार दुसऱ्या कडेला निघाले आणि सरळ येडबाच्या मेंढरांत घुसले.

मेंढरं उधळली. येडबा धनगर साठीचा, पण त्याचा आवाज तीन गावांना पुरतो. "वाघ! वाघ आला रं! पळा! काठ्या घ्या!" आणि त्याची दोन कुत्री, प्रत्येकी वासराएवढी, ज्वारीत शिरली.

आदिनाथराव उभे राहून "येडबामामा, मी हाय" म्हणणारच होते. तोंड उघडलं सुद्धा. तेवढ्यात रस्त्यावर गाडी थांबली आणि ओळखीचा आवाज आला.

"कुठंय वाघ? साधनाताई, तू गाडीतच बस! दाजी कुठायत?"

रामकिशनराव! एक दिवस आधीच आले होते! घरी दाजी सापडले नाहीत म्हणून बहिणीला घेऊन थेट रानात!

आदिनाथरावांनी तोंड मिटलं. वाघ म्हणून मेलो तर चालेल, पण दाजी म्हणून ह्या ब्लँकेटात सापडायचं न्हाई, असं ठरवून ते पळत सुटले. मागं कुत्री, कुत्र्यांमागं येडबा, त्यामागं रामकिशनराव आणि बघता बघता अर्धं गाव. आधी चार पायांवर पळाले. मग कुत्र्यानं ब्लँकेटाचं टोक धरलं, तेव्हा दोन पायांवर.

"अरे, उभा राहून पळायलाय!"

"आणि तोंड पाठीवर हाय त्याचं! मागं बघत पळायलाय!"

"बिबट्याच हाय," रामकिशनराव धापा टाकत म्हणाले.

"पाव्हणं, बिबट्याला ठिपके असतेत. ह्याला पट्टे हायत."

"थंडीनं लांबले असतील!"

पुढं लिंबाचं झाड आलं. शाळेत असताना सुद्धा आदिनाथराव कधी झाडावर चढले नव्हते. आता त्यांना नुसतं एवढंच आठवतं, की खाली कुत्र्याचा गरम श्वास पोटरीला लागला आणि पुढच्या क्षणी ते दुसऱ्या फांदीवर होते. वर बघतात तर हुप्प्या आणि त्याचा कळप. हुप्प्याची आणि त्यांची नजरानजर झाली. हुप्प्यानं एक सणसणीत चापट ठेवून दिली, वाघाच्या नव्हे, आदिनाथरावांच्या थोबाडात. मग अख्खा कळप उड्या मारून झाड सोडून गेला.

गाव झाडाखाली जमलं. वनखात्याला फोन गेला. धुकं इतकं दाट, की वर पानांत नुसते पट्टे आणि वटारलेले दोन डोळे. येडबाला ज्वारीत एक चप्पल आणि मोबाईल सापडला. त्यानं ते आणून साधनाबाईंच्या पुढं ठेवलं.

साधनाबाईंनी चप्पल ओळखली आणि हंबरडाच फोडला. "आवो, खाल्लं वो माझ्या माणसाला! लय गरीब होते वो! कधी उलटून बोलले न्हाईत! आळणी भाजी केली तरी गुमान खायचे!"

रामकिशनरावांनी चपलेपुढं हात जोडले. "माझंच चुकलं. भर पंगतीत बोललो मी दाजीला. देवमाणूस होता."

वर फांदीवर आदिनाथरावांचे डोळे भरून आले. चौदा वर्षांत त्यांच्याबद्दल इतकं चांगलं कुणी बोललं नव्हतं. खरं सांगायचं तर त्यांना अजून थोडं ऐकायचं होतं. (तुम्हाला पण आवडलं असतं, उगं आव आणू नका.) पण बायकोचं रडणं काही थांबेना, आणि शेवटी त्यांचं काळीज पिळवटलं.

"अगं साधना, रडू नको," झाड म्हणालं. "मी हाय."

"वाघ बोलला!" येडबा मटकन खाली बसला.

साधनाबाई उठल्या. पदरानं डोळे पुसले. झाडाखाली जाऊन वर बघितलं. एव्हाना धुकं विरळ झालं होतं. फांदीआडून नवऱ्याचं तोंड दिसलं, मग त्याच्या अंगावरचं, कुत्र्यानं हातभर फाडलेलं, लिंबाच्या चिकानं माखलेलं ब्लँकेट दिसलं. रडू कुठल्या कुठं गेलं.

"खाली या."

"खाली कुत्री हायत."

"कुत्री बांधलीत. मी हाय खाली. या!"

आदिनाथरावांनी फांदी आणखी घट्ट धरली. वानरं परवडली, असं त्यांना मनापासून वाटलं. आणि वानरांची आठवण झाली म्हणून त्यांनी उंचावरून रानाकडं बघितलं. सगळं गाव एका लिंबाखाली, आणि राखायला कुणी नाही. ज्वारीत हुप्प्या सहकुटुंब बसला होता. इतकी निवांत पंगत त्या रानात कधीच बसली नव्हती. कणसं संपली, रविवारसाठी धाटं तेवढी उरली.

दुपारी वनखात्याचे सुगतसाहेब आले. तरुण पोरगा, शांत. "फोन आलाय म्हणजे पंचनामा करावाच लागतो," म्हणाले. बांधावर बसून हसू दाबत त्यांनी लिहिलं आणि मोठ्यानं वाचून दाखवलं: "सदर प्राणी वन्य नसून पाळीव आहे. निरुपद्रवी आहे. सुस्थितीत मालकिणीच्या ताब्यात दिला."

मग कागद साधनाबाईंच्या पुढं केला. "इथं सही करा, ताई."

साधनाबाईंनी पेन घेतला. फाटक्या ब्लँकेटाकडं बघितलं, रिकाम्या धाटांकडं बघितलं, शेवटी खाली मान घालून उभ्या राहिलेल्या नवऱ्याकडं बघितलं.

"ते 'निरुपद्रवी' तेवढं खोडा, साहेब," त्या म्हणाल्या. "बाकी बरोबर हाय."