मोकळा खाना

सुताच्या एका कोनाची, म्हणजे शंकूवर गुंडाळलेल्या सुताची, नोंद बारा अक्षरांची होती, आणि ती ठेवायला कॉम्प्युटर बत्तीस अक्षरांची जागा घेत होता. उरलेली जागा जाते कुठे, हे कौसल्या शेलारला बरेच दिवस उमगलं नव्हतं. मग उमगलं. प्रत्येक कोनासाठी ती यंत्राकडे वेगळी जागा मागत होती, आणि यंत्र दर वेळी त्या जागेच्या दारावर स्वतःची पाटी लावत होतं. शिवाय जागा मोजून न देता ठरावीक मापातच देत होतं. कामतघरच्या त्या कापडाच्या कारखान्यात कोन हजारोंनी. दुपारपर्यंत यंत्राची मेमरी भरायची आणि पडदा गोठून जायचा.

"परत झोपला काय गं तो?" मोहिउद्दीनशेठ विचारायचे.

कारखाना त्यांचा, आणि कॉम्प्युटर ट्रायलवर आणलेला. तो ठेवायचा की विकणाऱ्याला परत द्यायचा, हे शेठ दिवाळीपासून ठरवत होते. तो गेला असता, तर कौसल्येलाही बीएस्सीची पदवी काखोटीला मारून पुन्हा शिकवण्या शोधाव्या लागल्या असत्या. शेठचा धाकटा भाऊ अब्दुर्रहमान रोज चपला काढून कॉम्प्युटरच्या थंड खोलीत यायचा, घटकाभर गार व्हायचा आणि जाता जाता म्हणायचा, "भाय, उसको वापस करो. एसी फक्त ऱ्हाऊ दे."

"आपल्या जैनबचं लगीन होऊ दे," शेठ म्हणायचे. "मग बोलू."

कौसल्येला उपाय सापडला तेव्हा तिने तो शेठना साध्या भाषेत सांगितला. "दर कोनाला वेगळी खोली नको, शेठ. एकदाच मोठी जागा घ्यायची आणि तिच्यात सारखे खाने आखायचे. कोन संपला की त्याचा खाना मोकळा. तो पुढच्याला द्यायचा. दर वेळी मागणं नको, की पाट्या लावणं नको."

शेठच्या डोक्यात मात्र लग्न होतं. लेकीच्या लग्नाला कोकणातून नवऱ्याकडची दोन बस भरून माणसं यायची होती, आणि जो तो निरोप धाडत होता की आम्हाला आपली वेगळी खोली हवी. मागच्या लग्नात एका दमेकरी मामांनी सहा जणांची खोली एकट्याने अडवली होती.

"म्हणजे आपलं राहनाळचं गोडाऊन," शेठ हळूच म्हणाले.

"मी कोनांबद्दल बोलतेय, शेठ."

"मी पण."

पाहुणे यायच्या दिवशी गोडाऊनच्या फरशीवर खडूने खाने आखलेले होते. मधोमध पडदा, अलीकडे पुरुष, पलीकडे बायका. कारखान्यात झाडलोट करणाऱ्या धोंडूबाईला शेठनी दारावर बसवलं होतं. "मोकळा खाना दिसला की पुढच्याला देऊन टाक. इचारायला येऊ नको."

पहिली बस आली. प्रत्येकाला खाना मिळाला, ट्रंका ठेवल्या गेल्या आणि मंडळी मांडवात चहाला गेली. तेवढ्यात दुसरी बस आली. धोंडूबाईने पाहिलं, तर खानेच खाने मोकळे. तिने ते देऊन टाकले. पहिली मंडळी चहा पिऊन परतली, तेव्हा दुसरी मंडळी हातपाय धुवायला गेली होती, म्हणून धोंडूबाईने त्यांचे खाने यांना दिले. दुसरी मंडळी परत आली. मग मात्र जो उठेल त्याची जागा जाऊ लागली. थोड्याच वेळात गोडाऊनमध्ये एकही माणूस स्वतःच्या ट्रंकेजवळ उरला नाही. एका काकांची कवळी पेल्यात भिजत होती आणि काका चार खाने पलीकडे, समोर खाज्याची बशी घेऊन मुकाट बसले होते.

त्याच वेळी कारखान्यात कौसल्या डोक्याला हात लावून बसली होती. नव्या रचनेमुळे यंत्र गोठत नव्हतं हे खरं, पण लाल सुताच्या जागी ते बिनदिक्कत निळं दाखवत होतं. अब्दुर्रहमान रिक्षा घेऊन आला.

"चल. तुझे खाने बघ चल."

राहनाळला पोहोचेपर्यंत प्रकरण मेहरुन्निसा फुफींपर्यंत गेलं होतं. या नवऱ्यामुलाच्या आत्या. त्या वजूला, नमाजाआधी हातपाय धुवायला, गेल्या आणि येऊन बघतात, तर त्यांच्या खान्यात शेठच्या मेव्हणीने ताणून दिलेली, तीही त्यांच्याच ट्रंकेला डोकं टेकून. फुफी भांडल्या नाहीत. खडूच्या रेघेवर उभ्या राहून त्या एवढंच म्हणाल्या, "उद्या निकाहात मी बसायची न्हाय. बसायला जागाच न्हाय."

शेठचा चेहरा सुकला.

"कंप्युटरचा डोका हाय हा, भाय," अब्दुर्रहमान म्हणाला. "उद्या काय वाकडं झालं तर खोक्यासंगती हिला पण टेम्पोत घालतो."

"माजी काय चूक?" धोंडूबाई म्हणाली. "खाना मोकला व्हता. मानूस नव्हता तिथं."

"मानूस नव्हता, पण ट्रंक होती ना," फुफी म्हणाल्या. "उठून जाणं येगळं, जागा सोडणं येगळं. सोडली असं बोलले काय मी तुला?"

कौसल्या जागच्या जागी थबकली. कांडी भरायच्या मशीनवर रंग बदलायचा असला की कामगार अर्धा वापरलेला कोन उतरवून बाजूला ठेवत, आणि नंतर तोच परत चढवत. तिच्या हिशेबी मात्र उतरलेला कोन म्हणजे संपलेला कोन. त्याचा खाना ती लगेच दुसऱ्याला देत होती.

"फुफी, तुमचंच बरोबर आहे," ती म्हणाली.

"ते मला ठाव हाय. जागेचं बोल."

नियम बदलला. ज्याने त्याने दारावर येऊन स्वतःच्या तोंडाने "खाना सोडला" म्हणायचं. त्याशिवाय तो मोकळा नाही. सगळे आपापल्या ट्रंकेजवळ परतले, मेव्हणीला बऱ्याच खटपटीने जागं केलं आणि काकांना कवळी मिळाली. दुसऱ्या दिवशी फुफी निकाहाला पहिल्या रांगेत बसल्या. यंत्रातही लाल सूत लाल दिसू लागलं.

लग्न उरकलं. एकेक पाहुणा दारावर येऊन "खाना सोडला" म्हणायचा आणि बसमध्ये चढायचा. मेहरुन्निसा फुफींनी तेवढं म्हटलं नाही. राहनाळचा वारा त्यांना मानवला होता, शेठच्या घरून डबा वेळेवर येत होता आणि धोंडूबाईशी गट्टी जमली होती. गोडाऊनमधून काढलेले कापडाचे गठ्ठे अजून ताडपत्रीखाली बाहेर पडून होते. पण नव्या व्याह्यांच्या बहिणीला कधी जाता म्हणून विचारणार कोण?

"भाय, मशीनचं काय?" अब्दुर्रहमान विचारायचा.

"पाहुणे जाऊ देत," शेठ समाधानाने म्हणायचे. "मग बोलू."

कौसल्येच्या लक्षात आलं, की फुफी जाव्यात अशी घाई शेठनाच नाही; त्या आहेत तोवर मशीनचा निर्णय टळतो. शेवटी एक दिवस यंत्र विकणाऱ्याचा माणूस टेम्पो घेऊनच आला आणि मशीन परत नेण्याच्या कागदावर सही मागत बसून राहिला. मग ती उठली, राहनाळला गेली आणि फुफींना जसं होतं तसं सांगितलं. "तुम्ही जा असं मी म्हणत नाही. पण तुम्ही असेपर्यंत शेठ मशीनचं काही बोलणार नाहीत."

फुफींनी सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात नेली. "म्हणजे माझ्या नावावर झोपलेत काय मोहिउद्दीनभाई?"

तासाभरात त्यांची ट्रंक कारखान्याच्या दारात उतरली. फुफींनी चपला काढल्या आणि त्या थंड खोलीत शिरल्या. आत शेठ होते, अब्दुर्रहमान होता, टेम्पोवाला होता.

"मोहिउद्दीनभाई, खाना सोडला. धोंडूबाईला बोलून आले. आता तुम्ही बोला."

शेठनी भावाकडे बघितलं. भाऊ एसीकडे बघत होता. शेठनी पडद्याकडे बघितलं. मग खाली मान घालून त्यांनी टेम्पोवाल्याचा कागद सही न करताच त्याच्याकडे परत सरकवला.

"मशीन ऱ्हाणार," ते म्हणाले. "आणि ही पोर पण."