मेणाचा रक्तगट

डॉक्टर पेंचेवच्या टेबलावर कातडीचे दोन तुकडे होते आणि दोन्हींच्या चिठ्ठ्या बेसिनमध्ये तरंगत होत्या. एक तुकडा स्तामेनच्या पाठीचा. हा गडी सगळ्या गल्लीसाठी आलुबुखारांची दारू गाळायचा. दुसरा नेद्याल्काबाईंच्या मानेचा. त्या शाळेत गाणं शिकवायच्या. एक तुकडा साधा तीळ निघाला. दुसऱ्यात कॅन्सर. कुठला कुणाचा, देवालाच ठाऊक.

“साहेब, दोघांना बोलावू आणि सांगू की घोळ झाला,” तुकडे कापणारी राईना म्हणाली. “जखमेच्या कडेची कातडी पुन्हा थोडीथोडी काढू.”

“म्हणजे अख्ख्या प्लोव्दिव शहराला कळू दे, पेंचेवकडे चिठ्ठ्या पोहतात!”

“पोहतायतच की.”

माफी मागायची पाळी आली की या बड्या लोकांना विज्ञान आठवतं. पेंचेवलाही आठवलं. माणसाचा रक्तगट रक्तातच असतो असं नाही, त्याची खूण कातडीच्या पेशींवरही असते, आणि पातळ काप घेण्यासाठी तुकडा मेणात घातला तरी ती पुसली जात नाही. स्तामेनचा गट बी, बाईंचा ओ. आता काय, सोपंच!

राईनाला त्याने हातही लावू दिला नाही. कॅन्सरच्या तुकड्याचा पातळ काप घेतला. काप पात्यावर गुंडाळायला लागला, तसं त्याने ब्रशचं टोक ओठांत ओलं केलं आणि अलगद उचलून काचेवर पसरवला. तिथे सगळेच असं करायचे. ब्रशला टोक येतं. तपासणीत स्वच्छ बी गट आला.

“स्तामेन!” पेंचेव टाळी वाजवून म्हणाला. एका माणसाचं मरण सापडलं म्हणून टाळी.

“दुसरापण बघा ना, साहेब.”

“दोनातला एक कळल्यावर दुसरा कशाला? अक्कल वापर जरा.”

नेद्याल्काबाईंना ‘काही नाही’ असं कळवलं. स्तामेनने ऐकलं आणि घरी गेला. ज्या अक्रोडाच्या झाडावरून भावाशी जन्मभर भांडला, ते झाड त्याला देऊन टाकलं. दारूची भट्टी शेजाऱ्याला दिली. मग दवाखान्यात येऊन पालथा झोपला. सर्जनने त्याच्या पाठीचा तळहाताएवढा भाग काढला.

त्यात काहीही नव्हतं.

“अरे बाबा, कुणाची पाठ सोलायला लावलीस मला?” सर्जन फोनवर ओरडला.

पेंचेवने दुसरा तुकडा तपासला. बी. राईनाच्या बोटाच्या कातडीची चिमूट घेतली. तिचा गट ए, पण काचेवर आला बी. शेवटी नुसतं मेण कापलं, ज्यात कातडीच नव्हती. त्याचाही बी!

“मेणाला रक्तगट असतो होय?” राईनाने विचारलं.

पेंचेवने पुढचा काप उचलायला ब्रश ओठांशी नेला आणि तिथेच थांबला. त्याचा स्वतःचा गट बी होता. आणि गटाची खूण थुंकीतही असते, हे तो दर वर्षी विद्यार्थ्यांना शिकवायचा.

राईनाने पाण्यात भिजवलेला नवा ब्रश त्याच्यापुढे धरला. ती हसली असती तर बरं झालं असतं. त्या ब्रशने कॅन्सरच्या तुकड्याचा गट ओ आला, म्हणजे बाईंचा.

बाईंना ‘काही नाही’ कळवून तीन आठवडे झाले होते. पेंचेव चालत नेद्याल्काबाईंच्या घरी गेला. बाईंनी हसत दार उघडलं. ओव्हनमधून नुकतीच काढलेली, चीज भरलेली पापुद्र्यांची बानित्सा ओट्यावर वाफाळत होती.

“या डॉक्टर! चांगली बातमी देणाऱ्याला उपाशी पाठवू नये.”

तो उभ्याउभ्याच सगळं बोलला. चिठ्ठ्या, ब्रश, थुंकी, स्तामेन. बाई हळूच खुर्चीवर बसल्या. बराच वेळ त्या मानेवरची पट्टी चाचपत राहिल्या.

“म्हणजे तो स्तामेन बरा आहे?”

“हो.”

“त्याला सांगितलंत?”

“अजून नाही. आधी तुमच्याकडे आलो. तुमचा जीव...”

“कमाल आहे हो तुमची!” बाई उठल्या. अर्धी बानित्सा कापून फडक्यात बांधली आणि त्याच्या हातात कोंबली. “तो तिथे मरणाची वाट बघत पडलाय आणि तुम्ही इथे बोलत बसलात? आधी त्याला सांगा. मी तीन आठवडे मजेत गात होते, डॉक्टर. माझे भीतीचे दिवस त्याने काढले.”

दारापर्यंत त्याला पोचवून त्या थांबल्या.

“परत येताना सावकाश या,” त्या म्हणाल्या. “तोवर मला जरा घाबरून घेऊ दे.”