शीड एकाकडे, सुकाणू दुसऱ्याकडे

मुलीला पहिलं बाळ झाल्याचा फोन आला तेव्हा कुलूपकाका जेवत होते. पलीकडे मुलगी रडत होती, अलीकडे काकू रडत होत्या, आणि काकांनी घास हातात तसाच धरून विचारलं, "म्हणजे आता निघावंच लागणार? मग होडीचं काय करायचं?"

"आधी मुलगा की मुलगी ते तरी विचारा!" काकू म्हणाल्या.

"ते काय बदलणार आहे का? होडीचं आज ठरवायला हवं."

काकांनी सगळी नोकरी विम्याच्या तपासनिसाची केली होती. जळलेली गोदामं आणि चोरीला गेलेल्या गाड्या यांचे दावे तपासून तपासून, माणूस तोंड उघडतो ते खोटं बोलायलाच, अशी त्यांची खात्री झाली होती. घरातल्या साखरेच्या डब्यालाही कुलूप लावणारा माणूस म्हणून गल्लीत त्यांना हे नाव पडलं होतं. निवृत्त झाल्यावर त्यांनी शिडाची छोटीशी होडी घेतली. रोज संध्याकाळी ते धक्क्यावर जात, होडी पुसत, साखळी ओढून बघत आणि परत येत. ती पाण्यात क्वचितच उतरे. पाण्यात उतरली की ओली होते.

दुसऱ्या दिवसापासून जागेचा शोध सुरू झाला. बोटक्लबच्या शेडमध्ये पहारेकरी होता. पण काकांनी तीनदा खाकरूनही तो जागा झाला नाही. सोसायटीच्या सेक्रेटरींनी विचारलं, "होडी वाहनात धरायची की फर्निचरमध्ये?" आणि उत्तर मिळेपर्यंत पार्किंग नाकारलं. एका जुन्या सहकाऱ्याचं मोठं अंगण होतं. तो मनापासून म्हणाला, "आणून ठेव की. काळजीच करू नकोस." ते ऐकून काका तडक परतले.

"काळजी करू नकोस म्हणणाऱ्याच्याच गोदामाला आग लागते," त्यांनी काकूंना सांगितलं.

"मग ठेवा ती उशाशी. मी एकटी जाते लेकीकडे."

काका रात्रभर विचार करत राहिले आणि पहाटे ताडकन उठून बसले. अख्खी होडी एका जागी ठेवली तर चोरीला जाणार. तिचे तुकडे वेगवेगळ्या घरी ठेवले, तर नेऊन कोण काय करणार?

शीड शिंप्याकडे गेलं, कारण ते शिवणारा तोच होता. सुकाणू काकूंच्या भावाकडे गेलं. त्याचं औषधांचं दुकान होतं आणि मागची खोली रिकामी होती. डोलकाठी कुणाच्याच घरात मावेना, तेव्हा समोरच्या नर्सबाईंच्या लांबलचक गॅलरीत आडवी झाली. उरलेलं धूड काकांनी धक्क्यावर पालथं घालून साखळदंडानं बांधलं. किल्ली नर्सबाईंना दिली, अधूनमधून साखळी सोडून होडी खालून बघायला.

एवढ्यावर थांबते तर ते कुलूपकाका कसले? निघण्यापूर्वी त्यांनी शिंप्याला बाजूला घेतलं. "मेहुण्यावर जरा लक्ष ठेवा. लहानपणापासून हात लावला की वस्तू मोडतो." मेहुण्याला ते म्हणाले, "बाई एकट्या राहतात. डोलकाठीवर कपडे वाळत घालतील. बघत जा." आणि नर्सबाईंना दारातच सांगितलं, "शिंपी माणूस आहे, कापड बघितलं की कात्री उचलेल. तुमच्याच भरवशावर जातोय."

प्रत्येकाला वाटलं, काकांचा आपल्यावर केवढा विश्वास!

मुलीच्या घरी काका खिडकीत ठाण मांडून बसले. सकाळी शिंप्याला फोन, दुपारी मेहुण्याला, रात्री बाईंना.

"बाबा, जरा नातीला मांडीवर घ्या ना," मुलगी म्हणाली.

"थांब. शिंप्याचा आवाज आज मला वेगळाच वाटला."

एकदा बाळ कसंबसं झोपलं होतं. काका फोनमध्ये ओरडले, "शीड घडी करून ठेवलंय की गुंडाळून?" बाळ दचकून उठलं आणि दिवस मावळेपर्यंत रडत राहिलं. जावई उठून दुसऱ्या खोलीत गेला आणि दार लावून घेतलं.

मग काकांच्या मनात आणखी एक शंका आली. सगळे हो हो म्हणतायत, पण कुणी वस्तू बदलून ठेवली असेल तर? त्यांनी तिघांनाही हुकूम सोडला. "सगळे मिळून धक्क्यावर जा, होडी जोडून बघा आणि फोटो पाठवा."

फोटो आला. होडी जोडलेली होती. पण फोटोत तिघंही हसत होती, आणि ते काकांना आवडलं नाही. "हसण्यासारखं काय आहे त्यात?" ते दिवसभर विचारत राहिले.

दुसऱ्या दिवशी मुलीनं आईला स्वयंपाकघरात बोलावलं. काका बाहेर ऐकत होते. ती हळू आवाजात म्हणाली, "आई, तू राहा. पण बाबांना... त्यांचं इथे मन लागत नाही ना."

"ते एकटे कुठे जाणार? रस्त्यातल्या प्रत्येकाशी भांडतील," काकू म्हणाल्या आणि बॅगा भरायला लागल्या. नातीचं बारसं अजून व्हायचं होतं.

परतीच्या सबंध प्रवासात काकू खिडकीबाहेर बघत बसल्या. कुणालाही न कळवता अचानक जाऊन पकडायचं म्हणून काकांनी रिक्षा सामानासकट थेट धक्क्यावर नेली.

होडी जागेवर नव्हती. ती पाण्यात होती, शीड फुगवून. शिंपी सुकाणूवर होता, मेहुणा दोर ओढत होता आणि नर्सबाई हसून हसून वाकल्या होत्या. काकांनी एवढ्या जोरात हाक मारली की धक्क्यावरचे सगळे पक्षी उडाले.

होडी शांतपणे काठाला आली.

"विश्वासघात!" काका म्हणाले.

"तुम्हीच जोडायला सांगितली, काका," शिंपी म्हणाला. "जोडताना बोलणं निघालं. तुम्ही मला यांच्याबद्दल काय सांगितलं, यांना बाईंबद्दल काय, आणि बाईंना माझ्याबद्दल काय."

"ऐकून आधी खूप राग आला," नर्सबाई म्हणाल्या. "मग हसू आलं. मग म्हटलं, जोडलीच आहे तर एक फेरी मारू. आता रोज येतो."

काकांनी वाकून होडी तपासली. गळती बुजवलेली होती, शिडाला नवी शिवण होती, लाकडाला तेल लावलेलं होतं. ओरखडासुद्धा नव्हता. तक्रार कशाची करावी हेच त्यांना समजेना.

"ताई, येतेस?" मेहुण्यानं हात पुढे केला.

काकूंनी पदर खोचला, चपला हातात घेतल्या आणि होडीत चढल्या. काकाही घाईनं पुढे सरकले.

"मी पण येतो. माझीच होडी आहे ना."

काकूंनी कितीतरी दिवसांनी त्यांच्याकडे सरळ बघितलं. आवाज मात्र अगदी शांत होता.

"अहो, असं काय करता? सामान उघड्यावर आहे. कुणाच्या भरवशावर सोडायचं?"

मेहुण्यानं होडी पायानं ढकलली. काका बॅगांशेजारी उभे राहिले. थोड्या वेळानं एक अनोळखी गृहस्थ जवळून जाता जाता थांबला आणि सहज म्हणाला, "बसा ना काका जरा. मी बघतो तुमच्या बॅगांकडे."

काकांनी सगळ्या बॅगा पायाशी ओढून घेतल्या.