पाळण्याची तब्येत

आमच्या बागेतला मोठा पाळणा बंद पडला की फिलोमिनाबाई माईकवरून त्याची तब्येत सांगायच्या. हॉस्पिटलच्या व्हरांड्यात पेशंटच्या नातेवाइकांना सांगावी तशी.

"नमस्कार. पाळणा आजपण उठलेला नाय. काल मिस्त्रीने खोलून बघितला. मधल्या दांड्याला चीर गेलीय. फिरवला तर फिरेल, पण मी माझ्या घरचं माणूस त्यात बसवणार नाय. ज्यांना फक्त पाळण्यात बसायचंय त्यांनी तिकीट काढू नका. पोरांना भेळ खायला घाला आणि घरी जा. थँक्यू."

हा आवाज गेटावरच्या भोंग्यातून यायचा आणि बरोबर त्या भोंग्याखाली, तिकिटाच्या खिडकीत मी बसलेला असायचो. रांगेतली निम्मी माणसं माझ्या डोळ्यांदेखत मागे वळायची.

गोष्ट ऐंशीच्या दशकातली. बोरीवलीला खाडीच्या अंगाला एका शेठने छोटीशी बाग काढली होती. घसरगुंड्या, फिरते घोडे, पोरांची झुकझुक गाडी, आणि सगळ्यांच्या डोक्यावर तो पाळणा. जोगेश्वरी-दहिसरहून लोक यायचे ते त्याच्यासाठीच. फिलोमिनाबाई तिथल्या अनाउन्सर. जवळच्याच गावठाणात राहायच्या. ठेंगण्या, पन्नाशीच्या, फुलाफुलांचा फ्रॉक, आणि बोलण्याआधी माईक रुमालाने पुसायची सवय. "सकाळपासून किती थुंकी उडते, तुला काय माहीत," असं मला वर सांगायच्या. त्या माईकवर त्यांच्याशिवाय कोणीच बोलत नसे.

खोटं त्यांना जमत नसे. अर्धवट खरंही जमत नसे. "गाडीला उशीर हाय. ड्रायव्हर जेवतोय. आज कोलंबीचं कालवण हाय, वेळ लागेल," असं त्या बिनदिक्कत जाहीर करत. एकदा एक मुलगा सापडला. दुसरा कोणी असता तर नाव, शर्टाचा रंग सांगून मोकळा झाला असता. बाई म्हणाल्या, "निळ्या शर्टातला बंड्या माझ्याकडे हाय. बंड्याचे पप्पा, आल्यावर त्याला मारू नका. तो जागेवरच होता. हरवला होतात तुम्ही." पप्पा आले तेव्हा सगळी बाग त्यांच्याकडे बघत होती.

मी कधी हळूच म्हणायचो, "बाई, जरा गोड बोललं तर?"

"गोल पाळण्याने फिरायचं, सावंता. माणसाने नाय."

त्या वर्षी पावसाळ्यात पाळणा बसला तो बसलाच. दांडा नवीन ओतून आणायचा होता आणि कारखानेवाला रोज उद्यावर ढकलत होता. गणपती गेले, नवरात्र आलं. शेठ एक दिवस बाईंच्या केबिनमध्ये आले. मी गल्ला द्यायला तिथेच गेलो होतो.

"बाई, एवढंच बोलायचं. तांत्रिक कारणास्तव पाळणा तात्पुरता बंद आहे, लवकरच सुरू होईल. बस. पुढे एक अक्षर नाही."

बाईंनी माईक पुसला आणि शब्दन् शब्द बोलून दाखवला. मग म्हणाल्या, "हे शेठने सांगितलं. आता मी सांगते. लवकरच म्हणजे कधी, ते शेठला माहीत नाय, मला माहीत नाय. मिस्त्रीला विचारलं तर तो वर आभाळाकडे बघतो. दिवाळीपर्यंत तरी आशा ठेवू नका."

बाहेर रांगेत हशा पिकला. शेठ लालबुंद झाले. "धंदा बुडवायला ठेवलंय काय तुम्हाला? उद्यापासून येऊ नका!"

बाईंनी माईक बंद केला. मग ज्या आवाजात बोलल्या, तो मी त्यांचा कधी ऐकला नव्हता.

"शेठ, माझा नवरा पास्कू बोटीवर खलाशी होता. बोट बुडाली. ऑफिसवाल्यांना पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. पण मी गेले की म्हणायचे, चौकशी चालू आहे, लवकरच कळवू. गोड बोलायचे हां, चहापण द्यायचे. मी वर्षभर रोज त्याच्यासाठी भात जास्तीचा लावला. पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर रडून मोकळी झाले असते ना? ती माणसं पोरांना नटवून दहिसरहून येतात. त्यांना कशाला ताटकळत ठेवायचं?"

शेठ टेबलावरचा पंखा उगीचच बाईंच्या बाजूला वळवून निघून गेले. दुसऱ्या दिवशी बाई कामावर आल्या आणि त्यांना कोणी अडवलं नाही.

गंमत म्हणजे गर्दी आटली नाही. येणारा आधी पाळण्याची विचारपूस करी, मग घोड्यांचं तिकीट काढी. बाईंचा शब्द खरा, एवढं लोकांना पटलं होतं. दहिसरचे एक आजोबा तर पाळण्यासाठी अंगारा घेऊन आले. बाईंनी तो मिस्त्रीच्या कपाळाला लावला. "बिघाड तिथे हाय," म्हणाल्या.

नाताळ झाल्यावर दांडा आला. पाळणा सुरू व्हायच्या दिवशी बाई म्हणाल्या, "पाळणा उठला. शेठ आणि मिस्त्री दोघं बसून आले. दोघं जिवंत हायत. या आता."

मग माईक खाली ठेवून मला म्हणाल्या, "चल. आमच्या आयला आणलंय. तिला धरायला माणूस पाहिजे."

आय म्हणजे त्यांची सासू. ऐंशीच्या घरातली, लाल लुगडं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तिला आम्ही मध्ये बसवलं. पाळणा चढत गेला. खाली मिस्त्री दुसऱ्या झोपाळ्यांत माणसं चढवत होता, म्हणून आम्ही अगदी टोकाला थांबलो. समोर खाडी, तिच्यापलीकडे समुद्राची चकाकणारी रेघ. म्हातारीने वाऱ्याकडे तोंड वळवलं.

"फिलू, दर्या दिसते काय गं इथून?"

"दिसते ना, आय."

"मग माझ्या पास्कूची बोट दिसते काय बघ."

मी बाईंकडे पाहिलं. त्या समोर बघत होत्या. झोपाळा वाऱ्याने जरासा डुलला तसा त्यांनी म्हातारीचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला.

"दिसते," त्या म्हणाल्या. "लांब हाय अजून. पण तोंड इकडंच हाय."

म्हातारीचा चेहरा उजळला. "मग जाताना बोंबील घेऊ. ओले घे गं. सुके त्याला नाय आवडत."

"ओलेच घेऊ, आय."

पाळणा हलला. खाली येईपर्यंत बाईंनी माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही.