मगच दार उघडा

वेंडेल टब्सला ज्या गाडीनं धडक दिली, ती त्याची स्वतःचीच होती. आणि त्या वेळी ती कोणीही चालवत नव्हतं.

मंगळवारी शाळा सुटल्यावर घरी येताना वेंडेलनं नेहमीसारखी चढावर, टपालपेटीपाशी गाडी थांबवली. उतरला, मागून वळसा घालून पेटीकडं गेला आणि पत्रं चाळत गाडीच्या मागं रस्त्यातच उभा राहिला. गिअर न्यूट्रलमध्ये होता. हँडब्रेक ओढायचाच राहिला होता. गाडीनं जरा विचार केला आणि ती मागं निघाली. वेंडेल तेव्हा एका वकिलाची जाहिरात वाचत होता. "अपघातात जखमी झालात? कोणाशी काही बोलू नका." एवढं वाचून होतंय तोवर बंपरनं त्याला अलगद रस्त्याकडेच्या चरात ढकललं, आणि गाडी खालच्या वळणावर गवतात जाऊन शांतपणे उभी राहिली. तिला ओरखडासुद्धा आला नव्हता.

दुसऱ्या कोणाचं असं झालं असतं तर गाव दोन दिवस हसलं असतं आणि विसरलं असतं. पण वेंडेल हा मिलर्स फोर्कच्या हायस्कुलात मुलांना गाडी चालवायला शिकवायचा; सगळे त्याला कोच म्हणायचे. जॉर्जियातल्या त्या कोपऱ्यात जो कोणी स्टिअरिंगमागं बसतो, तो त्याच्या हाताखालून गेलेला. "गिअर पार्कमध्ये, हँडब्रेक वर, मगच दार उघडा" हे त्याचं वाक्य गावाला प्रार्थनेच्या खालोखाल पाठ होतं. नवरानवरी चर्चमधून निघून गाडीत बसले, की वऱ्हाड ते एका सुरात म्हणायचं.

म्हणून वेंडेलनं काय केलं, तर आधी लंगडत जाऊन गाडी घराशी आणून लावली. गिअर पार्कमध्ये टाकला, हँडब्रेक ओढला, मगच दार उघडलं. मग चरात सांडलेली पत्रं गोळा करायला परत गेला, वाकला, आणि मानेत अशी काही कळ आली की तिथंच आडवा झाला. बायकोला, लुएलाला, तो तिथं सापडला.

"कोणी पाडलं तुला?"

"गाडीनं."

"कसली गाडी?"

"पांढरी."

"आणि थांबली नाही?"

"नाही थांबली," वेंडेल म्हणाला. अगदी मनापासून म्हणाला.

यातला एक शब्दही खोटा नव्हता, असं तो पुढं स्वतःला बरेचदा सांगणार होता.

दवाखान्यातून तो मानेला पट्टा आणि घोट्याला बँडेज घेऊन आला, तर चर्चमधल्या बायका त्याच्या आधी घरी पोचलेल्या. स्वयंपाकघरात मॅकरोनी-चीजच्या ताटांची चळत लागली होती. प्रत्येकीनं ताट ठेवताना त्या पळपुट्या ड्रायव्हरला शिव्या दिल्या आणि लगेच त्याच्यासाठी प्रार्थनाही केली. वेंडेल दोन्ही गोष्टी मान खाली घालून ऐकू शकला असता तर बरं झालं असतं. पट्ट्यामुळं मान खाली जात नव्हती.

संध्याकाळी शेरीफचा डेप्युटी डेक्स्टर आला. हाही वेंडेलचाच विद्यार्थी. टेप, कॅमेरा घेऊन तो रस्त्यावर ओणवा होऊन बराच वेळ काहीतरी करत होता. वेंडेलनं खिडकीतून हाक मारून सांगितलं, की जाऊ दे रे, एवढं मनावर घेऊ नकोस.

"असं कसं, कोच? अपघात झाला की खुणा मोजायच्या, फोटो काढायचे, कोणाच्या आठवणीवर विसंबायचं नाही, हे तुम्हीच शिकवलंत. याच धड्यात नापास केलं होतंत मला."

या वेळी तो पास झाला. आत येऊन त्यानं सांगितलं, की गाडी उतारानं उलटी आली होती. मागं मागं. आणि रंग, कोचनीच सांगितला तसा, पांढरा. मग त्यानं टोपी काढून हातात धरली, कारण त्या रस्त्यानं मागं मागं गाडी आणणारं माणूस गावात एकच होतं.

मिस व्हर्लीन टेकडीवर राहायच्या. अंगण अरुंद, गाडी वळवायची कटकट. म्हणून त्या आपली पांढरी गाडी थेट चौकापर्यंत उलटीच उतरवायच्या. नवरा गेल्यावर साठीत गाडी शिकल्या त्या; 'मिस' हे तिकडं थोरल्या बायकांना मानानं लावतात. शिकवलं अर्थातच वेंडेलनं.

"त्या नव्हत्या," वेंडेल म्हणाला.

"चालवणाऱ्याला पाहिलंत तुम्ही?"

"नाही."

"मग?"

वेंडेलकडं उत्तर होतं. ते त्यानं मॅकरोनीच्या घासाबरोबर गिळलं.

दुसऱ्या दिवशी मिस व्हर्लीन स्वतःच आल्या. टेकडीवरून चालत, हातात पीच घालून भाजलेल्या पायचं भांडं घेऊन. वेंडेलला गाडीचा आवाज न येता त्या दारात दिसल्या, आणि त्याला बसल्या जागी चरात परत जावंसं वाटलं.

"मंगळवारी गाडीखाली धप्प झालं होतं," त्या खुर्चीत बसत म्हणाल्या. "मला वाटलं खड्डा असेल. तो तू होतास. किल्ल्या डेक्स्टरला देऊन टाकल्या मी. आता या वयात काय करायची गाडी."

लुएला कॉफी करायला आत गेली होती. वेंडेलनं एका दमात सगळं सांगून टाकलं. न्यूट्रल, जाहिरात, चर, सगळं. बोलताना कान तापले होते. पट्टा नसता तर तोंड लपवायला कुठंतरी जागा मिळाली असती.

मिस व्हर्लीननी पायचा तुकडा कापून बशीत घातला.

"पार्कमध्ये नव्हती?"

"नव्हती."

"हँडब्रेक?"

"नाही."

"आणि दार उघडलंस."

"उघडलं. आत्ताच डेक्स्टरला फोन करतो. चर्चमध्ये उभा राहून सांगतो सगळ्यांना."

"रविवारनंतर सांग," मिस व्हर्लीन म्हणाल्या. "रँडल आलाय."

रँडल म्हणजे त्यांचा अटलांटातला मुलगा. तो ख्रिसमसला फुलं पाठवायचा. आईनं माणूस उडवल्याचं कळताच रात्रीच गाडी हाकत आला. सकाळपासून त्यानं छपरावर चढून पन्हळं साफ केली, परसातला जिना दुरुस्त केला आणि जेवताना फोन बंद ठेवला, असं त्यांनी सांगितलं.

"पण लोक तुम्हाला नावं ठेवतायत."

"ठेवू देत. मुलगा घरी आहे. तू पट्टा काढू नकोस."

रविवारी त्या चर्चमध्ये उभ्या राहिल्या आणि सगळ्यांदेखत त्यांनी वेंडेलची क्षमा मागितली. छान मागितली. शेवटी आवाजही कापला. सगळ्या बाकांनी माना वळवून वेंडेलकडं पाहिलं. रँडलनं आईच्या खांद्यावर हात ठेवला होता.

"माफ केलं," वेंडेल म्हणाला.

त्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या. पाद्रीबाबांनी डोळे पुसले. कोचचं मन किती मोठं, असं लुएलाच्या कानात कोणीतरी म्हणालं आणि तिनं वेंडेलचा हात दाबला. वेंडेलला वाटलं, उलटी येणारी एखादी गाडी आत्ता, इथं, बाकांच्या मधून यावी.

डेक्स्टरनं बाहेर पायरीवरच निकाल दिला. कोचनी माफ केलं म्हणजे खटला नाही. पण मिस व्हर्लीननी गाडी पुन्हा पहिल्यापासून शिकायची, आणि ती कोचकडूनच. रँडलनं त्यावर जाहीर केलं, की दर महिन्याला प्रगती बघायला तो जातीनं येईल. मिस व्हर्लीन वेंडेलच्या कानाशी वाकल्या. "रविवारनंतर म्हणाले होते ना, ते राहू दे," त्या पुटपुटल्या. "मी सांगेन तेव्हा सांग."

घोटा बरा झाल्यावर पहिला धडा झाला. मिस व्हर्लीननी गाव फिरवून आणलं आणि टपालपेटीपाशी गाडी चढावर अलगद थांबवली. वेंडेलचा हात दाराकडं गेला.

"अं हं," त्या म्हणाल्या.

त्यांनी गिअर पार्कमध्ये टाकला. हँडब्रेक ओढला. मग हात मांडीवर ठेवून समोर बघत थांबल्या.

"म्हण."

वेंडेलनं रस्त्यावर कोणी नाही ना, ते बघितलं आणि सगळं वाक्य म्हटलं.

"मोठ्यानं," मिस व्हर्लीन म्हणाल्या.