हिराजीकाका आणि सतरावा रंग

हिराजीकाका बोलायला लागण्याआधी समोरच्याचे डोळे तपासतात. मान तिरकी करतात, स्वतःचा एक डोळा मिटतात आणि निकाल देऊन मोकळे होतात. माझा डावा डोळा दोन सूत खाली आहे, हे मला वयाच्या चौदाव्या वर्षी, रामवाडीच्या नाक्यावर एसटीची वाट बघताना, सात-आठ लोकांसमोर कळलं. तोवर मी सुखी होतो.

काकांनी पेणच्या एका गणपतीच्या कारखान्यात चाळीस वर्षं आखणी केली. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. साचा भरणारे वेगळे, रंग मारणारे वेगळे. डोळे सगळ्यांत शेवटी, आणि तेही काकांनीच काढायचे. "त्येच्या आधी नुसती माती हाय. दुसरा डोला पुरा झाला का देव बघाया लागतो," असं ते सांगायचे. अशा तोऱ्यात, की देवाला दिसतं ते यांच्याच मेहेरबानीने.

एकदा नात्यातल्या मुलीला बघायला पाहुणे आले, तेव्हा वडीलधारे म्हणून काकांना बसवलं होतं. पोहे यायच्या आत ते मुलीला म्हणाले, "नीट बघून घे गो, ह्येचा उजवा भायेर गेलाय." मुलीने नीट बघितलं. पोहे खाऊन पाहुणे गेले ते परत आले नाहीत. तेव्हापासून काकांना शुभकार्याचं आमंत्रण थेट जेवणाच्या वेळेचं येतं.

पुढे काकांचा हात थरथरायला लागला. मालकाने आधी त्यांना मुकुटांच्या सोनेरी रंगावर बसवलं आणि मग, मान राखून, घरी बसवलं. त्याच वर्षी काकी गेल्या. वाशीला राहणाऱ्या त्यांच्या मुलाने नवा कॉम्प्युटर घेतला होता, त्याने बापाचा वेळ जावा म्हणून जुना, फ्लॉप्यांसकट, देऊन टाकला. काकांनी तो एसटीने आणला. त्याचा पडदा मांडीवर घेतला आणि त्यावर रुमाल बांधला, कारण मूर्ती घरी नेताना तोंड झाकलेलं असावं लागतं. पनवेलला एका बाईने मनोभावे नमस्कारही केला. काकांनी तिला अडवलं नाही.

मी रोह्याच्या एका कंपनीत कॉम्प्युटरवर काम करतो, म्हणून काका मला "कंपनी" म्हणतात. त्यांना चित्रं काढायचा प्रोग्रॅम मीच दाखवला. त्यात चित्र मोठं करून एकेक टिंब भरता येतं हे कळल्यावर काका लहान मुलासारखे खूश झाले. "हात हलला तरी टिंब हलत नाय रे कंपनी!" मग दिवसभर डोळेच डोळे. शेकड्यांनी काढले असतील.

तक्रार एकच होती. रंग सोळाच. "तपकिरी हाय, पन तो मेलेला हाय. मला पायजे तो यात नाय." मी सहज बोलून गेलो, की नवी विंडोज घातली, नीट सेटिंग केलं, तर दोनशे छप्पन्न रंग मिळतील. कुठून बुद्धी झाली कोण जाणे! दुसऱ्या दिवसापासून काका रोज सकाळी नाक्यावर हजर. "कंपनी, रंग कवा वाढवतोस?" आख्ख्या स्टँडला वाटायला लागलं की मी कोणाचं तरी घर रंगवायचं काम अडवून ठेवलंय.

शेवटी मुलाने नव्या विंडोजच्या तेरा फ्लॉप्यांचा गठ्ठा पाठवला आणि एका रविवारी मी बसलो. काकांना समजावलं, की ही नवी जुनीच्या वरूनच बसते. काका ताडकन उठले.

"जुन्यावर नवा रंग? आमच्या कारखान्यात आसलं चालत नाय. जुनी जाते पान्यात, मंग नवी पाटावर. आधी साफ कर."

"काका, सगळे डोळे पुसले जातील. फ्लॉपीवर काढून ठेवू?"

"नको. एकबी जमला नव्हता. चुकलेला डोला ठेवत नाय मी."

चाळीस वर्षांच्या अनुभवापुढे माझी कंपनी काय बोलणार? मी सगळं पुसून टाकलं. काकांनी हात जोडले. मी नवीची पहिली फ्लॉपी घातली, तर ती बया म्हणते, तुमच्याकडे जुनी होती याचा पुरावा दाखवा, जुनीची फ्लॉपी घाला.

"काका, जुन्या फ्लॉप्या कुठंयत?"

"भोगावतीत."

"नदीत?"

"सकालीच सोडून आलो. पानसुपारी ठेवली, नारल फोडला. म्हनलं, चांगली सेवा केलीस."

मी कपाळाला हात लावला. आता घरात जुनी नाही आणि नवी आत यायला तयार नाही. कंपनीतून जुनी फ्लॉपी मागून आणायला मला चार दिवस लागले. रोज संध्याकाळी मी गाडीतून उतरलो की काका उभेच. पाचव्या दिवशी मला राहवलं नाही. म्हटलं, "काका, एवढी घाई कसली? गणपती अजून लांब आहेत."

"गनपतीचं कोन बोलतंय?" काका म्हणाले. "तुज्या काकीचा रंग इसरत चाललोय मी."

मग खिशातून फोटो काढला. काकींचा एकच फोटो, लग्नातला, काळा-पांढरा, त्यात त्यांनी मान खाली घातलेली. पापण्या दिसतात, डोळे नाहीत.

"पेनमदल्या सगल्यांचं डोलं तपासलं मी," काका म्हणाले. "तिचंच नाय बघितलं. त्यात चुकलेलं काय नव्हतंच, तर बघनार काय?"

आतापर्यंत मी या माणसाची नक्कल करून कंपनीत लोकांना हसवत होतो, त्याची लाज वाटली.

त्या संध्याकाळी नवी बसली. दोनशे छप्पन्न रंग पडद्यावर आले. काका त्यांच्यावरून बोट फिरवत राहिले, कारखान्यात रंगाच्या वाट्यांवरून फिरवायचे तसं. मी निघालो तेव्हा त्यांचं लक्षही नव्हतं.

आठ दिवसांनी नाक्यावर काका दिसले नाहीत, म्हणून संध्याकाळी घरी गेलो. पडद्यावर रुमाल होता. काकांनी तो काढला. आत एक डोळा होता. पिंगट, कडेला जरासा मधासारखा, आत्ता हसेल असा. लहानपणी त्यांच्या अंगणात आंब्याची साठं चोरताना मी पकडला गेलो होतो, तेव्हा याच डोळ्याने मला माफ केलं होतं. मी काकांना तसं सांगितलं.

"मंग बराबर हाय," काका हळूच म्हणाले.

"दुसरा कधी काढणार?"

काकांनी रुमाल परत पडद्यावर घातला आणि चारी कोपरे सारखे केले.

"दुसरा पुरा झाला का ती बघाया लागंल रे," ते म्हणाले. "मंग इचारंल, इतकी वर्सं कुठं व्हतास. काय सांगू?"